‘तुम्हाला काय, सवय असंल’: १०८, बंब आणि ११२ वाल्यांच्या मनाचं काय?

तेरणाकाठ (धागाकर्ता)

मी १०८ ॲम्ब्युलन्सवर डॉक्टर आहे. शिक्षण बीएएमएस, गाडी धाराशिव जिल्ह्यातली, बहुतेक कॉल धुळे-सोलापूर हायवेवरचे. धागा काढायला कारण झालं ते एक वाक्य. पेशंटचे नातेवाईक म्हणतात, पोलीस म्हणतात, घरचेही म्हणतात: "तुम्हाला काय, सवय असंल."

सवय होते. रक्ताची होते, तुटलेल्या हाडांची होते, रडारडीचीही होते. ज्याची होत नाही त्याबद्दल कुणी विचारत नाही, म्हणून इथं लिहितोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ साली ९३७ गाड्यांवर सुरू झाली. २३३ ॲडव्हान्स, म्हणजे व्हेंटिलेटरवाल्या, आणि ७०४ बेसिक. गाडीत एक डॉक्टर आणि एक चालक, ज्याला आम्ही पायलट म्हणतो. झाली टीम. स्ट्रेचर उचलायला तिसरा हात लागला तर रस्त्यावरच शोधायचा, आणि त्या हातात मोबाईल असतो, व्हिडिओ चालू.

केस उतरवली की गाडी धुवायची. हायपोक्लोराइट मारून फरशी पुसता येते, पण स्ट्रेचरच्या पट्ट्यांच्या बकलात रक्त वाळून बसतं, ते जुन्या टूथब्रशनं खरवडावं लागतं. निम्मं निघतं तोवर पुढचा कॉल. आत्ता ज्याचा हात धरून "आलंच हॉस्पिटल, डोळे उघडे ठेवा" म्हणत होतो, तो जगला की गेला ते आम्हाला कळतच नाही. बेडवर घेतला, फॉर्मवर सही घेतली, आमचा संबंध संपला. माझं मत विचाराल तर माणूस इथं खचतो. शेवट न कळलेल्या केसेस डोक्यात साठत जातात आणि रात्री पडल्या पडल्या त्यांचा शेवट आपणच लावत बसतो. चांगला कधीच लावत नाही.

दुसरं म्हणजे औषध पिलेल्या केसेस. मराठवाड्यात राहणाऱ्याला यावर जास्त सांगायला नको. गाडीत त्या औषधाचा लसणासारखा उग्र वास भरतो, कपड्यांना लागतो. आता सोयाबीनवर फवारणी सुरू झाली की साऱ्या शिवारात तोच वास, आणि माझ्या डोक्यात ॲट्रोपिनचे, म्हणजे त्या विषावरच्या इंजेक्शनचे, ॲम्प्युल मोजणं चालू. सध्या फवारणीला गडी लावतो आणि त्या दिवशी तालुक्याला निघून जातो. वडिलांना वाटतं पोरगं शिकलं आणि शेताला लाजायला लागलं.

तर या कामात असलेल्यांना विचारायचंय, तुम्ही कसं निभावता? सुविचार नकोत, व्हॉट्सॅपवर पुष्कळ येतात.

बंबवाला

सुविचार नको म्हणालात म्हणून लिहायला बसलो. नगरपरिषदेच्या अग्निशमनात आहे, ठेकेदारामार्फत.

सिनेमात आग म्हणजे बिल्डिंग आणि शिडी. आमच्याकडं आग म्हणजे होळीच्या आसपासपासून कडब्याच्या गंजी, ऊस आणि गोठे. पोचायच्या आधी निम्मं जळालेलं असतं, म्हणून उतरता उतरताच पहिली शिवी. टाकी रिकामी झाली की पाणी भरायला जावं लागतं. बंब वळवला की लोकांना वाटतं पळाला. दगडं खाल्लीत त्यापायी.

माणसं गोठ्यातून पळू शकतात, दावणीची जनावरं पळू शकत नाहीत. एका गोठ्यात आम्ही पोचलो तेव्हा म्हातारी बाहेर उभी राहून एकेका जनावराचं नाव घेऊन हाका मारत होती. मला ती नावं अजून क्रमानं पाठ आहेत. माझ्या पोरांच्या शाळेचे पाढे विसरलो, ती नावं नाही.

दर वर्षी १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन असतो, १९४४ च्या मुंबई गोदीतल्या स्फोटात गेलेल्या जवानांच्या स्मरणार्थ. हार, फोटो, भाषण होतं. १५ तारखेपासून आम्ही पुन्हा थकलेल्या पगाराची चौकशी करत फिरतो. मनाचं नंतर बघू साहेब, आधी पगार वेळेवर होऊ द्या. अर्धी झोप त्यानंच येईल.

स्पष्टवक्ता

राग मानू नका, पण हे नवीन फॅड आहे असं वाटतं. बॉर्डरवरच्या जवानाला कोण विचारतं? आमच्या आज्यानं रझाकारात काय काय बघितलं, घर जळताना बघितलं. कुणी समुपदेशन केलं? सकाळी उठून औत धरलं. काम निवडलंय तर मन घट्ट करायला पाहिजे. नाही झेपत तर सोडावं.

माळवद

स्पष्टवक्ता, तुमच्या आजोबांना कुणी विचारलं नाही एवढंच आपल्याला माहीत आहे. त्यांना काही झालं नाही, हे कुणी ठरवलं?

मी शिक्षक, लोहारा तालुक्यातला. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती विसर्जन, लोक दमून गाढ झोपलेले, आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. लातूर-उस्मानाबाद मिळून दहा हजारांच्या जवळपास माणसं गेली. आमच्याकडची घरं दगडमातीची, दोन-दोन हात जाड भिंती आणि वर मातीचं माळवद. उन्हाळ्यात गार राहावं म्हणून बांधलेलं घर त्या रात्री माणसांच्या अंगावर आलं. लष्कर यायच्या आधी ढिगारे उपसले ते शेजारच्या गावच्या लोकांनी, पहारी आणि टिकावानं. मी त्यात होतो, कॉलेजात होतो तेव्हा. वरून पाऊस. सरणाला लाकूड पुरेना, एकेका चितेवर कितीतरी जण.

नंतर घरं आली, पत्रे आले, मंत्री आले. ढिगारे उपसणाऱ्या पोरांना कुणी काही विचारलं नाही आणि आम्हीही एकमेकांत बोललो नाही. आमच्यातला एक मित्र तेव्हापासून घरात झोपत नाही, अंगणात बाज टाकतो, पावसाळ्यात ओसरीत. गाव म्हणतं "त्याला मोकळी हवा लागते." तिशी उलटली त्या गोष्टीला. बायकोनं किती सोसलं असेल ते तीच जाणे. तोही सकाळी उठून औत धरतच होता हो. काम करणारा माणूस बरा असतोच असं नाही.

ज्वारी_हुरडा

मी इथं फक्त वाचते, पहिल्यांदाच लिहायले. आमचे हे १०८ वर पायलट आहेत, लातूरकडं.

ह्यांनी घरी कधी काही सांगितलं नाही. मला कळतं ते असं. लेकराला थोडा ताप आला तर आरडाओरडा करून सगळं घर डोक्यावर घेतात आणि लेकरू खरंच पडून रक्त निघालं तर एकदम थंड, माझ्याच अंगावर काटा येतो. घरी आले की गाडीवरून उतरत नाहीत, अंगणात मोटारसायकल बंद करून तसेच बसून राहतात. मटण सोडलं. लग्नकार्याला यायचं नाही म्हणतात, डीजेचा आवाज सोसत नाही. आधी माझ्याशी भांडायचे तरी, आता भांडतपण नाहीत.

सासूबाई म्हणतात नजर लागली, उतारा केला. मी नाही म्हटलं नाही. पण आणखी काय करायचं असतं ते कुणी सांगा.

सेफ्टीबूट

वाळूजला एका कंपनीत सेफ्टीला आहे. आमच्याकडे अपघात झाला की त्याच दिवशी सगळ्यांना एका खोलीत बसवतो आणि प्रत्येकाकडून काय बघितलं ते वदवून घेतो. मन मोकळं होतं. १०८, बंब, पोलीस सगळीकडं हे सक्तीचं केलं पाहिजे. खर्च शून्य.

मनाचे_डॉक्टर

मानसोपचारतज्ज्ञ आहे, मराठवाड्यातल्याच एका जिल्ह्यात सरकारी नोकरी. सेफ्टीबूट, हेतू चांगला आहे, पण सक्तीचं करू नका. तुम्ही सांगताय ती पद्धत अमेरिकेत जेफ्री मिचेल यांनी १९८३ मध्ये मांडली, ते स्वतः अग्निशमन आणि ॲम्ब्युलन्सच्या कामातले. जगभर तिचा बोलबाला झाला. पुढं नीट चाचण्या झाल्या तेव्हा दिसलं की घटनेनंतर एकदाच बसवून सगळं उकरून काढल्यानं नंतरचा मानसिक आघात टळत नाही आणि काहींचा त्रास उलट वाढतो. खोलीत दहा जण असतात. ज्यानं फार बघितलं नाही त्यालाही दुसऱ्याचं सविस्तर ऐकावं लागतं.

आता त्याऐवजी मानसिक प्रथमोपचार सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेची २०११ ची मार्गदर्शिका आहे, तिचा गाभा तीन क्रियापदांत बसतो: बघा, ऐका, जोडून द्या. माणूस सुरक्षित आहे का, त्यानं काही खाल्लंय का, त्याला घरी कोण नेणार आहे हे बघायचं. बोलला तर ऐकायचं, नाही बोलला तर चहा द्यायचा आणि शेजारी बसायचं. लागेल त्या मदतीशी गाठ घालून द्यायची. खोदून विचारायचं नाही. हे डॉक्टरच करू शकतो असं अजिबात नाही. पायलटही करतो, फौजदारही करतो.

स्पष्टवक्ता, फॅडबद्दल. कामानं येणारा हा थकवा जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, आयसीडी-११ मध्ये, आजार म्हणून नोंदलेलाच नाही. कामाशी निगडित अवस्था म्हणून आहे. न हाताळलेल्या, लांबत गेलेल्या कामाच्या ताणातून ती येते. अंगातलं बळ संपणं, कामाबद्दल तुटलेपणा किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटत राहणं, अशी तिची लक्षणं. म्हणजे दोष कामाच्या व्यवस्थेत शोधायचा, माणसाच्या घट्टपणात नाही. जवानांबद्दल म्हणाल तर त्यांना रजा असते, बदली असते, मागं पलटण असते. इथल्या पायलटच्या मागं कोण आहे?

ज्वारी_हुरडा ताई, तुम्ही जे लिहिलंत ते नुसत्या थकव्याच्या पुढचं असू शकतं. जोराच्या आवाजाला दचकणं, माणसं टाळणं, भावना गोठल्यासारखं होणं, झोपेत तेच तेच दिसणं, हे महिन्याच्या वर टिकलं तर तपासून घ्यायला हवं. त्याला उपचार आहेत आणि लागू पडतात. उतारा केलात त्याबद्दल वाईट वाटून घेऊ नका, मात्र तेवढ्यावर थांबू नका.

डायल_अंमलदार

पोलिसांच्या ११२ च्या गाडीवर आहे. अपघातात ॲम्ब्युलन्स निघून जाते, बंब निघून जातो, आम्ही मागं राहतो. मयत असेल तर मरणोत्तर पंचनामा, पूर्वीचं १७४, आता नव्या कायद्यात १९४. दोन पंच लागतात. पाच मिनिटांपूर्वी दोनशे माणूस जमलेला असतो, पंच म्हटलं की रस्ता मोकळा.

पंचनाम्यात सगळं लिहायचं असतं. अंगावर कोणता शर्ट, खिशात काय, हाताला दोरा कसला. तुळजापूरला चालत निघालेल्या एका पोराच्या खिशात कवड्यांची माळ आणि गावाकडल्या बायकांनी ओटीसाठी दिलेले पैसे होते. प्रत्येक नोटेला चिठ्ठी बांधलेली, चिठ्ठीवर नाव. ती नावं एकेक करून मी पंचनाम्यात लिहिली. लिहिताना काही वाटत नाही, खरंच. वाटतं ते नंतर, घरच्यांना फोन लावताना. तो फोन कसा करायचा हे ट्रेनिंगमध्ये कुणी शिकवलं नाही. मी माझी पद्धत बसवलीय: आधी विचारतो जवळ कोण आहे, त्याला फोन द्यायला लावतो, मग गोलगोल न बोलता सांगतो. बरोबर की चूक माहीत नाही.

धागाकर्त्यांच्या मुद्द्याशी सहमत, फक्त आमचं उलटं आहे. तुम्हाला शेवट कळत नाही. आम्हाला सगळा कळतो, तोही टाइप करून चार प्रतींत.

मनाचे_डॉक्टर

अंमलदार साहेब, पद्धत बरोबर आहे. जवळ कुणी आहे का बघणं आणि थेट शब्दांत सांगणं, आम्ही शिकाऊ डॉक्टरांना हेच शिकवतो.

गोदेचा_पोरगा

माझे वडील सांगायलेत, मी लिहू लागलोय. आम्ही गंगाखेडकडचे, नदीकाठचे.

वडील पट्टीचे पोहणारे. नदीत, विहिरीत कुणी बुडालं की पोलिसांचा नाहीतर सरपंचाचा फोन येतो. रात्र असो की थंडी, जातात. गळ टाकायचा, नाही लागला तर बुडी मारायची. पगार नाही, नोंद नाही, विमा नाही. कुणी नारळ देतं, कुणी पाचशे रुपये देतं, कुणी काहीच देत नाही, आणि वडील मागतपण नाहीत कारण मयताच्या घरी पैसे मागायचे नसतात.

ते म्हणतात, लिही: "जिता माणूस काढला तर गाव खांद्यावर घेतं. मेला काढला तर लोक लांबून वाट सोडतात, घरात घ्यायच्या आधी आंघोळ करायला लावतात. मी काढले त्यात जिते थोडेच." हे सांगून गप्प बसलेत, त्यामुळं एवढंच.

माझा मुद्दा हा की २०२५ च्या सप्टेंबरात पूर आला तेव्हा परंडा-भूमकडं हेलिकॉप्टरनं माणसं काढली, एनडीआरएफ आली, टीव्हीवर आलं. चांगलंच झालं. पण पुण्याजवळच्या तळावरून टीम पोचेपर्यंत गावोगाव आमच्या वडिलांसारखीच माणसं दोर घेऊन पाण्यात होती. तुमच्या चर्चेत यांना धरता का नाही?

तेरणाकाठ

धरायलाच हवं. मी स्वतः धरलं नव्हतं. पहिल्यांदा पोचतो तो आपत्कालीन कर्मचारी, मग त्याच्या अंगावर गणवेश असो की लुंगी. वडिलांना नमस्कार सांग.

हरिपाठी

रोज सायंकाळी हरिपाठ, आणि वर्षातून एकदा वारी. कितीही मोठं दुःख असो. बाकी सगळं बाहेरचं आहे.

तेरणाकाठ

माउली, तुम्हाला हसणार नाही. आमच्याकडचे एक पायलट भजनी मंडळात पखवाज वाजवतात आणि सगळ्यांत टिकून तेच आहेत. पण भजन सात वाजता आणि पाळी आठला सुटणार, तीही बदली वेळेवर आला तर. हरिपाठालाही ड्युटीचा तक्ता लागतो.

दशांश

तक्त्याचा विषय निघालाच आहे तर थोडं गणित. झोपेवरच्या प्रयोगांत दिसलंय की सलग १७ तास जागलेल्या माणसाचे हातपाय-डोळे रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतके मंद चालतात, २४ तासांवर तेच ०.१० च्या घरात जातं. आपल्या मोटार वाहन कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के. बदली आला नाही म्हणून दुसरी पाळी ओढणारा पायलट, आयुष्यात दारूला न शिवलेला असला तरी, कायद्याच्या दृष्टीनं दारुड्याच्या पलीकडं गेलेला असतो. फरक एवढाच की त्याला पकडायला फुंकणी नाही. मांजरसुंब्याच्या घाटात सायरन लावून तो तुम्हाला ओव्हरटेक करतोय आणि मागं पेशंट आहे.

मन वगैरे ज्यांना पटत नाही त्यांनी निदान हा हिशोब बघावा.

स्पष्टवक्ता

झोपेचा मुद्दा मान्य. १७ तासांच्या वर गाडी देऊच नये, देणाऱ्यावर गुन्हा दाखल करा. पण ते प्रशासनाचं काम झालं. मनाच्या डॉक्टरकडं जायची गरज त्यातून सिद्ध होत नाही.

मनाचे_डॉक्टर

तुमचं निम्मं बरोबर आहे आणि ते मी माझ्याच धंद्याविरुद्ध सांगतो. पाळी २४ तासांची ठेवून वर महिन्यातून एकदा ध्यानधारणेचं शिबिर घेणं म्हणजे गळक्या छपराखाली पातेली मांडत बसणं. आधी झोप, पगार, वेळेवर येणारा बदली माणूस, गाडीत पुरेसं सामान. लोकांना सगळ्यांत जास्त कशानं पोखरलेलं असतं विचारलं तर "काय करायचं ते माहीत होतं, पण हाताशी साधन नव्हतं" हे उत्तर फार वेळा येतं. कोरोनात तर दर दुसऱ्या माणसाकडून ऐकलं. २०२१ च्या एप्रिलमध्ये अंबाजोगाईत २२ मृतदेह एका ॲम्ब्युलन्समधून स्मशानात नेल्याची बातमी देशभर गेली. त्यावर चर्चा खूप झाली, चालकाच्या सीटवर बसलेल्या माणसाचा विचार किती जणांनी केला?

उरलेल्या निम्म्यासाठी आमच्याकडं यावं लागतं. आणि एक गोष्ट इथं कुणी लिहिली नाही म्हणून मीच लिहितो. ड्युटी सुटली की क्वार्टर. "त्याशिवाय डोळाच लागत नाही डॉक्टर." डोळा लागतो, पण दारू रात्रीच्या दुसऱ्या भागातली झोप मोडते, माणूस तीनला उठून बसतो, आणि तीन ही नेमकी सगळं आठवायची वेळ. मग दुसरी क्वार्टर. माझ्या ओपीडीत या कामातले लोक येतात ते बहुतेक दारू सोडवायला म्हणून. खालून दुसरंच निघतं.

कॅज्युअल्टी_सिस्टर

धागाकर्त्यांच्या पहिल्या पोस्टवर परत येते. मी ग्रामीण रुग्णालयात कॅज्युअल्टीला असते. १०८ वाले पेशंट देऊन जातात, पुढचं आम्हाला माहीत असतं, त्यांना नाही. खरं सांगते, त्यांना ते हवं असतं हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. आम्हाला वाटायचं, सुटले बिचारे.

मागं एक पायलट चार दिवसांनी आले, दारात उभं राहून विचारलं, "सिस्टर, ती ऊसतोडीवरची बाई, गाडीत डिलिव्हरी झालेली, ती?" म्हटलं, दोघं चांगले आहेत, काल सुटी झाली. नुसतं "बरं" म्हणाले आणि गेले. जाताना बाहेर चहावाल्याकडं आम्हा तिघींचे पैसे देऊन गेले.

हे तर करता येईल ना? एक वही ठेवू. गाडीचा नंबर, तारीख आणि पुढं एकच शब्द: सुटी, रेफर, मयत. आठवड्यानं येऊन बघून जा.

स्पष्टवक्ता

पेशंटची माहिती अशी वहीत उघडी ठेवता येत नाही. उद्या कुणी फोटो काढून ग्रुपवर टाकला तर सिस्टर, तुमची नोकरी जाईल.

कॅज्युअल्टी_सिस्टर

नाव लिहायचंच नाही दादा. त्यांच्या फॉर्मवर केसचा नंबर असतो, तोच लिहायचा. बाकीच्यांना त्या आकड्याचा अर्थ लागणार नाही. आणि वही ड्रेसिंगच्या कपाटात, किल्ली माझ्याकडं. वरच्यांना विचारून करते, न विचारता नाही.

तेरणाकाठ

सिस्टर, मयत असेल तरी लिहा. ते लपवू नका. काही न कळण्यापेक्षा ते परवडतं. सगळ्यांना परवडेल का माहीत नाही, म्हणून ज्याला बघायचं तोच बघेल, सांगत कुणी जायचं नाही.

आणि स्पष्टवक्ता, भांडत असता पण मुद्दा बरोबर काढलात.

ज्वारी_हुरडा

डॉक्टर, तुम्ही तपासून घ्या म्हणालात. कुठं जायचं? आणि ऑफिसला कळलं तर ड्युटीवरून काढतील का, ही भीती आहे. हप्ते चालू आहेत.

मनाचे_डॉक्टर

ताई, जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली मानसोपचाराची ओपीडी असते. केसपेपर काढताना "मानसोपचार" म्हणा, बस. गर्दीत जायला संकोच असेल तर आधी घरून १४४१६ लावा, टेली-मानस. केंद्राची सेवा आहे, २०२२ पासून. फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. तुम्हीही लावू शकता, त्यांनीच लावायला पाहिजे असं नाही. कधी जीव नकोसा झाल्याचं बोलले, तर मात्र ओपीडीच्या वाराची वाट बघू नका. त्याच दिवशी, त्यांना एकटं न सोडता दवाखान्यात आणा.

ऑफिसचं: २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात गोपनीयतेचा हक्क आहे, कलम २३. उपचाराची माहिती आम्ही मालकाला परस्पर देऊ शकत नाही.

बंबवाला

हा नंबर आमच्या बंबाच्या खोलीत भिंतीवर लिहितोय. खाली पगाराच्या चौकशीचा नंबर पण लिहिणार होतो, पण तो कुणी उचलत नाही.

ज्वारी_हुरडा

नमस्कार. आयडी बायकोचा आहे, लिहितोय मी, पायलट. तिनं फोन चार्जिंगला लावला होता, धागा उघडाच होता. सगळा वाचला.

पहिली गोष्ट, मटण ॲसिडिटीनं सोडलंय. बाकी लिहिलंय ते बरोबर आहे. भांडत नाही हे माझ्या ध्यानात नव्हतं.

डॉक्टर, एकच विचारायचंय. तिथं गोळ्या देतात त्यानं झोप येते म्हणतात. मला रात्री गाडी चालवायची असते, मागं पेशंट असतो. गोळी घेऊन चालवता येईल का? नाहीतर मी येत नाही.

मनाचे_डॉक्टर

पायलट साहेब, ओपीडीत पहिलं वाक्य हेच बोला: "मी रात्री ॲम्ब्युलन्स चालवतो." त्यावर औषध ठरतं. सगळ्याच गोळ्यांनी गुंगी येत नाही, काहींनी येते. कोणती, किती आणि कधी घ्यायची हे पाळी बघून बसवता येतं. सुरुवातीचे काही दिवस गाडीपासून सुटी लागली तर तसा कागद देता येतो, त्यावर आजाराचं नाव लिहिलंच पाहिजे असं नाही. शिवाय गोळी लागेलच असंही नाही, बऱ्याच जणांचं नुसत्या समुपदेशनानं भागतं. येताना मागच्या महिन्याचा ड्युटी तक्ता घेऊन या. आणि ॲसिडिटीच्या गोळ्या कोणत्या चालू आहेत, तेही.